थांबविलेली भरती : नेदरलँड्समधील सागरबंदिस्तीचा इतिहास (1918 ते 2019)

प्रस्तावना

समुद्राची भरती-ओहोटी एकाएकी थांबली तर काय होईल, हा प्रश्न सामान्यतः कल्पनाविलासाचा मानला जातो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहता तसे घडणे जवळजवळ अशक्य आहे. भरती-ओहोटी ही चंद्र आणि सूर्य या दोघांच्या गुरुत्वाकर्षणातून निर्माण होते. सूर्याची भरतीकारक शक्ती चंद्राच्या शक्तीच्या निम्म्याहून थोडी कमी आहे. त्यामुळे चंद्र नाहीसा झाला असे गृहीत धरले तरी सूर्यामुळे येणारी लहानशी भरती शिल्लक राहीलच. भरतीच्या घर्षणामुळे पृथ्वीच्या परिवलनाचा वेग अत्यंत सावकाश मंदावत आहे आणि चंद्र दरवर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर जात आहे. खोल समुद्रातील थंड व वरच्या थरातील उबदार पाणी एकमेकांत मिसळण्याच्या कार्यातही भरतीच्या ऊर्जेचा मोठा वाटा आहे. यावरून भरती ही केवळ किनाऱ्यावरची घटना नसून पृथ्वीच्या एकंदर व्यवस्थेचा भाग आहे, हे स्पष्ट होते.

तथापि संपूर्ण पृथ्वीवर जे घडू शकत नाही, ते मर्यादित क्षेत्रात मानवाने प्रत्यक्ष घडवून आणले आहे. विसाव्या शतकात नेदरलँड्स या देशाने आपल्या किनाऱ्यावरील अनेक खाड्यांची मुखे बांध घालून बंद केली. ज्या पाण्याला शतकानुशतके दिवसातून दोनदा चढण्या-उतरण्याची सवय होती, ते पाणी काही तासांत स्थिर झाले. भरती थांबली तर काय होते, या प्रश्नाचे अनुभवाधिष्ठित उत्तर या घटनांच्या इतिहासात मिळते. म्हणून हा प्रश्न केवळ विज्ञानाचा न राहता इतिहासाचाही ठरतो.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (1) झायडर झी व डेल्टा या दोन प्रकल्पांच्या आधारे भरती थांबविण्यामागील कारणांचा शोध घेणे. (2) भरती थांबल्यानंतर झालेल्या नैसर्गिक व सामाजिक परिणामांचे स्वरूप स्पष्ट करणे. (3) भरतीविषयीच्या सार्वजनिक दृष्टिकोनात झालेल्या परिवर्तनाची मीमांसा करणे. यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

झायडर झी : 1932 ची बंदिस्ती

झायडर झी म्हणजे उत्तर समुद्राचा नेदरलँड्सच्या अंतर्भागात शिरलेला एक विस्तीर्ण व उथळ फाटा होता. मध्ययुगातील प्रलयकारी पुरांनी, विशेषतः 1287 च्या सेंट लूसिया महापुराने, पूर्वीच्या सरोवराचे व दलदलीचे रूपांतर या खाऱ्या समुद्रात केले. त्याच्या काठावर व्यापारी नगरे आणि मच्छीमारांची गावे वसली. दक्षिणेकडे ॲमस्टरडॅमच्या बाजूस भरती-ओहोटीतील फरक अल्प असे. परंतु वायव्येकडून वादळ आले की हाच समुद्र बांध फोडून गावांत शिरत असे.

या समुद्राच्या मुखावर बांध घालून आतील जमीन लागवडीखाली आणण्याची योजना कॉर्नेलिस लेली या अभियंत्याने 1891 मध्ये मांडली. पंचवीस वर्षे ती प्रामुख्याने कागदावरच राहिली. जानेवारी 1916 मधील महापूर आणि पहिल्या महायुद्धाच्या काळातील अन्नटंचाई या दोन कारणांमुळे तिला चालना मिळाली. लेली स्वतः मंत्रिपदी असताना 1918 मध्ये झायडर झी कायदा संमत झाला. संरक्षण, शेती व गोडे पाणी ही या योजनेमागील तीन मुख्य प्रयोजने होती.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित झाला. झायडर झीमध्ये शिरणारे भरतीचे पाणी बांधाने अडविले तर ते जाईल कोठे? बांधाबाहेरील वाडन समुद्राच्या काठी राहणाऱ्या लोकांच्या दृष्टीने हा जीवन-मरणाचा प्रश्न होता. याविषयी अभियंत्यांत एकमत नव्हते. त्यामुळे शासनाने 1918 मध्ये एक समिती नेमली व तिचे अध्यक्षपद हेन्ड्रिक लॉरेन्ट्झ यांच्याकडे सोपविले. लॉरेन्ट्झ हे 1902 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे सैद्धांतिक शास्त्रज्ञ होते. त्यांनी आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धातील आठ वर्षे या कामास दिली. समुद्रतळाच्या घर्षणाचे गणित अतिशय किचकट असल्याने त्यांनी त्याचे सुलभ रूप तयार केले आणि वाहिन्यांच्या जाळ्यातील प्रवाहांची गणना हाताने करविली. 1926 च्या अहवालात समितीने असा निष्कर्ष काढला की, भरती आत शिरू न शकल्याने बांधावरून परावर्तित होईल व बाहेरील भरतीची उंची वाढेल. म्हणून बाहेरील बांधही उंच करणे आवश्यक ठरले.

28 मे 1932 रोजी सुमारे 32 किलोमीटर लांबीच्या आफ्स्लाउटडाइक या बांधातील अखेरची फट बुजविण्यात आली. त्यानंतर हार्लिंगेन बंदरात भरती-ओहोटीतील फरक सुमारे अर्ध्या मीटरने वाढला. लॉरेन्ट्झ 1928 मध्येच निवर्तले होते. परंतु त्यांचे अनुमान प्रत्यक्षाशी बऱ्याच अंशी जुळले. भरतीच्या संदर्भात या घटनेचा अर्थ लक्षणीय आहे. बांधाच्या आत भरती थांबली; बाहेर मात्र ती अधिक उंच झाली. एका गावाची सुरक्षितता दुसऱ्या गावाच्या बांधावरील वाढीव भारात रूपांतरित झाली.

बांधाच्या आतील परिणाम

बांध पूर्ण झाल्यावर झायडर झीचे नाव बदलून आयसलमेर असे झाले. आयसल नदीचे गोडे पाणी आत येत राहिले, दरवाज्यांतून खारे पाणी बाहेर सोडले जाऊ लागले आणि काही वर्षांतच समुद्राचे गोड्या पाण्याचे सरोवर झाले. या स्थित्यंतराची नोंद असाधारण काळजीपूर्वक ठेवली गेली, ही इतिहासाच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट होय. डच प्राणिशास्त्रज्ञांनी एच. सी. रेडेके यांच्या संपादकत्वाखाली या समुद्रातील वनस्पती व प्राणी यांचा ग्रंथ 1922 मध्येच, म्हणजे बंदिस्तीच्या दहा वर्षे आधी, सिद्ध केला होता. पुढे 1936 मध्ये त्याची पुरवणी आणि 1954 मध्ये बदलांचा आढावा घेणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एखादा समुद्र नाहीसा होण्यापूर्वीची आणि नंतरची अशी शास्त्रीय कागदपत्रे अन्यत्र क्वचितच आढळतात.

या नोंदींवरून दिसते की, झायडर झीमध्ये वसंत ऋतूत अंडी घालण्यास येणारा हेरिंग मासा व उन्हाळ्यात येणारा अँकोव्ही मासा या दोहोंचा मार्ग बंद झाला. आरंभीच्या काही वर्षांत खाऱ्या पाण्यातील जीव नष्ट झाले होते आणि गोड्या पाण्यातील मासे अद्याप पुरेसे वाढले नव्हते. या पोकळीत पाण्यात अळीरूपाने वाढणाऱ्या चिलटांचे थवेच्या थवे काठावरील गावांवर येऊ लागले. ज्या नैसर्गिक व्यवस्थेत खाणारे व खाल्ले जाणारे यांचा मेळ शतकांच्या कालावधीत बसलेला असतो, ती एकदम मोडल्यास काय घडते याचे हे उदाहरण आहे. याच दशकात वाडन समुद्रातील सागरी गवताची विस्तीर्ण कुरणेही नाहीशी झाली. त्यास एक रोग प्रामुख्याने कारणीभूत होता. तथापि बंदिस्तीमुळे बदललेल्या प्रवाहांत ही कुरणे पुन्हा उभी राहू शकली नाहीत.

मच्छीमार समाजावरील परिणाम अधिक दूरगामी ठरला. व्होलेंडाम, मार्केन, उर्क आदी गावांची उपजीविका या समुद्रावर होती. शासनाने 1925 मध्ये त्यांच्यासाठी साहाय्य कायदा केला, परंतु मिळणारे साहाय्य अपुरे असल्याची भावना मच्छीमारांत कायम राहिली. काहींनी ईल माशाची मासेमारी पत्करली, तर अनेकांनी व्यवसायच सोडला. उर्कचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. हे मूळचे बेट 1939 मध्ये बांधाने मुख्य भूमीस जोडले गेले आणि 1942 मध्ये नॉर्डऊस्टपोल्डर कोरडा झाल्यावर ते शेतजमिनीच्या कडेला आले. तरीही तेथील मच्छीमारांनी व्यवसाय सोडला नाही. ते मोठ्या नौका घेऊन उत्तर समुद्रात गेले आणि उर्क हे देशातील मासेमारीचे एक प्रमुख केंद्र बनले. मात्र प्रत्येक गावास हे साधले नाही. लाभ संपूर्ण राष्ट्रास आणि हानी मूठभर वस्त्यांस, अशी ही वाटणी होती.

1953 चा महापूर आणि डेल्टा योजना

31 जानेवारी व 1 फेब्रुवारी 1953 या दिवसांमधील रात्री वायव्येकडील वादळ आणि उधाणाची भरती यांचा संयोग झाला. नैर्ऋत्येकडील झेलंड व लगतच्या प्रदेशातील बांध ठिकठिकाणी फुटले. नेदरलँड्समध्ये 1,836 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या आपत्तीनंतर काही आठवड्यांतच डेल्टा समितीची नियुक्ती झाली आणि 1958 मध्ये डेल्टा कायदा संमत झाला. खाड्यांची मुखेच बंद करावीत आणि किनारपट्टीची लांबी सुमारे 700 किलोमीटरने कमी करावी, हे या योजनेचे सूत्र होते.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. रॉटरडॅमकडे जाणारा नवा जलमार्ग आणि अँटवर्पकडे जाणारी पश्चिमेची स्खेल्डे खाडी ही दोन मुखे आरंभापासूनच उघडी ठेवण्यात आली होती, कारण त्यांवर मोठ्या बंदरांचा व्यापार अवलंबून होता. म्हणजे भरतीचे मोल नियोजनकर्त्यांस अज्ञात होते असे नव्हे. व्यापारी जहाजांसाठी ते मोजले गेले. कालवे, शिंपले व वेत यांवर जगणाऱ्यांसाठी मात्र ते मोजण्यास आणखी दोन दशके जावी लागली.

हारिंगव्हलीट खाडीचे मुख 1970 मध्ये बंद झाले. तिच्या अंतर्भागात बीसबॉस नावाचे गोड्या पाण्याचे पण भरती-ओहोटी असणारे दुर्मीळ पाणवन होते. तेथे दररोज सुमारे दोन मीटर चढणारे पाणी आता केवळ काही डेसिमीटर हलू लागले. बोरू व विलोच्या फांद्या तोडून जगणाऱ्यांच्या पारंपरिक व्यवसायाचा आधार त्यामुळे गेला. शिवाय ऱ्हाइन व म्यूज नद्यांनी आणलेला दूषित गाळ, जो पूर्वी समुद्राकडे वाहून जाई, तो तळाशी साचू लागला. 1971 मध्ये ग्रेव्हेलिंगेन खाडी बंद झाली. भरतीरेषांमधील पट्ट्यात राहणारे असंख्य जीव अल्पावधीत मेले. पाणी खारेच राहिले, पण ते हलेनासे झाले. परिणामी खोल थरांतील प्राणवायू कमी होऊ लागला. अखेरीस 1978 मध्ये त्याच बांधात दरवाजा करून समुद्राचे पाणी पुन्हा आत घ्यावे लागले. बंदिस्तीनंतर अवघ्या सात वर्षांनी घेतलेला हा निर्णय म्हणजे धोरणातील दिशाबदलाचा पहिला ठळक पुरावा होय.

ऊस्टरस्खेल्डेचा वाद

डेल्टा योजनेतील सर्वांत मोठी खाडी म्हणजे ऊस्टरस्खेल्डे. तिचे मुख 1978 पर्यंत पूर्ण बंद करावयाचे होते व त्यासाठी कृत्रिम बेटांची उभारणीही सुरू झाली होती. यर्सेके हे गाव या खाडीतील कालवे व काळे शिंपले यांच्या संवर्धनाचे केंद्र होते. 1962-63 च्या कडक हिवाळ्यात येथील बहुतेक कालवे गारठून मेले आणि खाडी लवकरच बंद होणार असल्याने या व्यवसायास भवितव्य नाही, असे मानले गेले. तथापि व्यवसाय टिकला आणि 1970 च्या सुमारास मच्छीमार, जीवशास्त्रज्ञ, विद्यार्थी व निसर्गप्रेमी यांनी बंदिस्तीस एकत्रितपणे विरोध केला.

या वादात दोन्ही बाजूंस नैतिक आधार होता, हे विसरता येत नाही. ज्यांचे आप्त 1953 मध्ये बुडाले होते, त्यांच्या दृष्टीने बांधास विलंब म्हणजे मृतांच्या आठवणींशी केलेली प्रतारणा होती. दुसऱ्या बाजूस, बांध घालून सुरक्षित केलेल्या खाडीत जगण्यासारखे काय उरणार, असा प्रश्न होता. 1973 मध्ये नेमलेल्या क्लासेस समितीच्या अहवालानंतर डेन उइल यांच्या मंत्रिमंडळाने 1974 मध्ये मधला मार्ग स्वीकारला व 1976 मध्ये त्यावर संसदेची मोहोर उमटली. एरव्ही उघडे राहतील आणि वादळाच्या वेळी खाली सोडता येतील अशा दरवाज्यांचा अडथळा उभारण्याचे ठरले. 65 प्रचंड खांब आणि त्यांमधील 62 पोलादी दरवाजे असलेल्या या बांधकामाचे उद्घाटन ऑक्टोबर 1986 मध्ये राणी बीॲट्रिक्स यांच्या हस्ते झाले. संरक्षणाच्या योजनेत भरती राखणे हे एक स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून स्वीकारले गेले, हे या निर्णयाचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

परंतु हा मार्गही निर्दोष ठरला नाही. खांबांमुळे मुख अरुंद झाले आणि आत-बाहेर करणाऱ्या पाण्याचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटले. जुन्या जोरदार प्रवाहाने कोरलेल्या वाहिन्या आता मंदावलेल्या प्रवाहाच्या मानाने फार खोल ठरल्या. वादळात वाळूच्या पुळणी झिजून वाळू वाहिन्यांत उतरते. मात्र ती पुन्हा वर आणून टाकण्याइतका जोर भरतीत उरलेला नाही. डच भाषेत या अवस्थेस 'वाळूची भूक' अशा अर्थाचे नाव आहे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या पुळणी सावकाश कमी होत आहेत आणि त्यांवर अन्न टिपणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांचा भोजनकाळही त्याबरोबर घटत आहे. 2019 मध्ये रोखेनप्लाट या पुळणीवर वाळूची भर घालण्याचे काम हाती घ्यावे लागले. भरतीने पूर्वी जे विनामूल्य केले, ते आता यंत्रांनी व सार्वजनिक खर्चाने करावे लागते.

अन्य देशांतील अनुभव

नेदरलँड्समधील निष्कर्षांस इतर देशांतील घटनांनी पुष्टी मिळते. फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखावर भरतीपासून वीज निर्माण करणारे केंद्र 1966 मध्ये सुरू झाले. बांधकामासाठी 1963 पासून सुमारे तीन वर्षे नदीमुख समुद्रापासून तोडले गेले होते. तेवढ्या काळात तेथील सागरी जीवसृष्टी बव्हंशी नष्ट झाली व ती नव्याने स्थिरावण्यास सुमारे दहा वर्षे लागली. दक्षिण कोरियातील सिह्वा येथे 1994 मध्ये समुद्र अडवून गोड्या पाण्याचे सरोवर करण्याचा प्रयत्न झाला. सांडपाण्यामुळे ते इतके दूषित झाले की, ती योजना सोडून द्यावी लागली. पुढे 2011 मध्ये त्याच बांधात 254 मेगावॉट क्षमतेचे भरती-वीजकेंद्र सुरू झाले आणि पाणी पुन्हा खेळू लागले.

भरती 'एकाएकी' थांबण्याचे सर्वांत नाट्यमय उदाहरण जपानमधील इसाहाया उपसागराचे आहे. 14 एप्रिल 1997 रोजी 293 पोलादी पत्रे एकामागून एक पाण्यात सोडून सुमारे 3,550 हेक्टर क्षेत्र समुद्रापासून तोडण्यात आले. लगतच्या आरिआके समुद्रात 2000-01 च्या हिवाळ्यात नोरी या खाद्य शेवाळाचे पीक बुडाले आणि मच्छीमारांनी न्यायालयात धाव घेतली. 2010 मध्ये फुकुओका उच्च न्यायालयाने दरवाजे उघडण्याचा आदेश दिला. 2013 मध्ये नागासाकी जिल्हा न्यायालयाने, नव्या जमिनीवरील शेतकऱ्यांच्या मागणीवरून, ते उघडण्यास मनाई केली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मच्छीमारांचे अपील फेटाळले. भरती थांबवून जी नवी जमीन तयार होते, तिच्यावर नवे हक्कही निर्माण होतात. म्हणूनच थांबविलेली भरती परत आणणे हे थांबविण्याहून कठीण असते.

भारतीय किनाऱ्यावरही या प्रश्नाच्या दोन भिन्न परंपरा आढळतात. केरळमधील वेंबनाड सरोवरावरील तण्णीरमुक्कम बंधारा कुट्टनाडच्या भातशेतीस खाऱ्या पाण्यापासून वाचवितो. परंतु त्यामुळे मासे व कोळंबी यांचा मार्ग अडतो आणि पाण्यात तण माजते, अशी मच्छीमारांची तक्रार आहे. याउलट गोव्यातील खाजणांत भरती पूर्णपणे थांबविली जात नाही. मातीच्या बांधातील 'मानस' नावाचे लाकडी दरवाजे भरतीच्या दाबाने मिटतात व ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. बांधामागे भात पिकते आणि मानशीच्या तोंडाशी मासळीही मिळते. कोकणातील खारबंदिस्तीतील उघाडीचे तत्त्वही हेच आहे. ऊस्टरस्खेल्डेचे दरवाजे आणि खाजणाची मानस यांच्या आकारमानात तुलना संभवत नाही. परंतु भरतीस नाकारण्याऐवजी तिचे नियमन करावे, हा विचार दोहोंत समान आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1. भरती थांबविली तरी तिची शक्ती नष्ट होत नाही. ती अन्यत्र प्रकट होते. हार्लिंगेन येथील वाढलेली भरती याचे प्रमाण आहे.

2. खाडीतील गाळ, प्राणवायू, माशांचा प्रवास व पुळणींची घडण ही सर्व कार्ये भरती पार पाडीत असते. ती थांबताच या कार्यांचा भार समाजावर येतो व तो कायमस्वरूपी असतो.

3. बंदिस्तीचा लाभ विस्तृत समाजास होतो, तर हानी लहान व दुर्बल समूहांच्या वाट्यास येते. म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्न हा तांत्रिक योजनेचाच भाग मानला जाणे आवश्यक आहे.

4. 1932 मध्ये भरती ही केवळ शत्रू मानली गेली. 1976 मध्ये ती जपण्याजोगी ठरली. आणि त्यानंतर ती परत आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. नोव्हेंबर 2018 मध्ये हारिंगव्हलीटचे दरवाजे माशांच्या ये-जा करण्यासाठी किंचित उघडे ठेवण्यास आरंभ झाला, हा याच परिवर्तनाचा पुढील टप्पा होय.

तथापि या इतिहासातून बांध घालणे हीच चूक होती, असा अर्थ काढणे अन्यायाचे ठरेल. 1953 च्या रात्री बुडालेल्यांच्या संदर्भात संरक्षणाची गरज निर्विवाद होती. जी भरती कालव्यांना अन्न पुरविते तीच उधाणाच्या रात्री घरे बुडविते. तिच्या या दोन रूपांना वेगळे करता येत नाही, ही या प्रश्नाची खरी अडचण आहे. समुद्राची पातळी वाढत असताना जगातील अनेक किनाऱ्यांवर नवे बांध व दरवाजे यांचा विचार होत आहे. अशा वेळी पाणी कोठे अडवावे याबरोबरच किती पाणी आत येऊ द्यावे आणि त्याचा निर्णय कोणास विचारून घ्यावा, हे प्रश्न बांध घालण्यापूर्वी उपस्थित होणे आवश्यक आहे. झायडर झीच्या मच्छीमारांस हे प्रश्न विचारण्याची संधी फारशी मिळाली नाही. यर्सेकेच्या मच्छीमारांनी ती संघर्षाने मिळविली. या दोन पिढ्यांमधील अंतर हेच डच सागरबंदिस्तीच्या इतिहासाचे सर्वांत मोलाचे संचित होय.